घर पाहावे राहून

मुंबई आणि तिच्या आसपासच्या शहरांतील घरांच्या जाहिराती एखाद्याने अभ्यासू वृत्तीने चाळावयास घेतल्या, तर थोड्याच वेळात त्याच्या असे ध्यानात येईल की, घराची जी म्हणून थोरवी त्यांत गायिलेली असते ती बहुतेक सगळी त्या घरातून बाहेर किती लवकर पडता येते यासंबंधीची असते. स्टेशन पाच मिनिटांवर, महामार्ग दोन मिनिटांवर, शाळा, दवाखाना, बाजारपेठ आणि मंदिर हाकेच्या अंतरावर, अशी ती सारी प्रशस्ती दारापासून पुढे चालू होते; दाराच्या आत शिरल्यावर माणसाने काय करावे, कोठे बसावे आणि कोणत्या खिडकीतून काय पाहावे, याविषयी जाहिरातदार शहाणपणाने मौन पाळतो. यात त्याचा काही अपराध नाही. डोंबिवलीसारख्या गावी राहणारा गृहस्थ सकाळच्या जलद गाडीला लोंबकळून जो जातो तो रात्री जेवणवेळेस परत येतो, आणि रविवारी आठवड्याची झोप भरून काढतो. वीस-पंचवीस वर्षांचे कर्ज डोक्यावर घेऊन त्याने विकत घेतलेली वस्तू ही तत्त्वतः घर नसून, स्टेशनच्या जवळपास रात्रीपुरते कुटुंब आणि सामान ठेवण्याची एक पक्की व्यवस्था असते.

ही व्यवस्था २२ मार्च २०२० रोजी मोडली. त्या दिवशी कोरोनाच्या साथीपायी जनता कर्फ्यू पाळला गेला, त्याच मध्यरात्रीपासून उपनगरी गाड्या बंद पडल्या, आणि आणखी दोन दिवसांनी सारा देश टाळेबंद झाला. पुढे १५ जूनपासून अत्यावश्यक सेवेतील लोकांसाठी, २१ ऑक्टोबरपासून ठरावीक वेळांत स्त्रियांसाठी, आणि १ फेब्रुवारी २०२१ पासून वेळेची बंधने घालून सर्वांसाठी त्या पुन्हा धावू लागल्या. पण तोवर ज्यांनी स्टेशनच्या समीपतेखातर दर चौरस फुटामागे घसघशीत रक्कम जादा मोजली होती त्यांच्या असे प्रत्ययास आले की, स्टेशन आपल्या जागी पाच मिनिटांवरच आहे. गाडी मात्र दहा महिन्यांवर गेली आहे. इकडे घरातली सगळी माणसे एकाच वेळी, दिवसाढवळ्या, कामाच्या दिवशी घरात हजर आहेत, असा प्रसंग वास्तुविशारदाने नकाशा काढताना गृहीतच धरला नव्हता. दिवाणखान्याच्या पश्चिमेकडील भिंत दुपारी तीननंतर हात लावू देत नाही, स्वयंपाकघरात भर सकाळी दिवा लावावा लागतो आणि शेजारच्या घरातील कुकरच्या शिट्या आपल्याच ओट्यावर मोजता येतात, ही माहिती मालकास खरेदीनंतर दहा-बारा वर्षांनी प्रथमच मिळाली. घरधन्यास उपयोगी पडावा असा जो थोडाबहुत सल्ला आम्ही पुढे देणार आहोत, तो सारा या उशिरा मिळालेल्या माहितीवर आधारलेला आहे.

साथीने घराची झडती घ्यावी ही गोष्ट मुंबईस नवी नाही. १८९६ साली मांडवी बंदराच्या वस्तीत प्लेग उद्भवला, तेव्हा सरकारने प्रथम घरे धुतली, मग चुन्याने रंगवली, आणि जी दोन्ही उपायांस दाद देईनात त्यांच्या भिंतींवर ‘यू.एच.एच.’ अशी तीन इंग्रजी अक्षरे रंगवली; मनुष्यवस्तीस अयोग्य, असा त्या अक्षरांचा निकाल होता. १८९७ साली साथरोगांचा जो कायदा झाला, त्याच कायद्याचा आधार घेऊन महाराष्ट्र शासनाने २०२० च्या मार्चमध्ये फर्माने काढली. तेव्हा त्या कायद्याचे वय आमच्या इमारतीतील सर्व ज्येष्ठ नागरिकांपेक्षा जास्त होते, आणि प्रकृतीही बरी होती. १८९८ साली मुंबईत सुधारणा ट्रस्टची स्थापना झाली. समुद्रावरचा वारा दाट वस्तीच्या पोटात शिरावा म्हणून या ट्रस्टाने प्रिन्सेस स्ट्रीट आणि सँडहर्स्ट रोड यांसारखे रुंद पूर्वपश्चिम रस्ते काढले, आणि दादर-माटुंग्याच्या मोकळ्या जमिनीवर झाडांच्या, बगीच्यांच्या आखीव वसाहती वसविल्या. ज्या दादर-माटुंग्याच्या जागांचे भाव ऐकून आज सज्जनाची छाती दडपते, त्यांच्या कुलवृत्तान्ताच्या पहिल्या पानावर एक उंदीर आहे, हे तेथील रहिवाशांनी लक्षात ठेवावे आणि विक्रीच्या वेळी सांगू नये. मुद्दा एवढाच की, वाऱ्याकरिता ज्या शहराने रस्ते पाडले, त्याच शहराने पुढच्या शंभर वर्षांत वाऱ्यास आत येण्याचे सारे मार्ग स्वखर्चाने बंद करून टाकले.

या बंदोबस्तातील पहिला बळी म्हणजे गॅलरी, जिला आता बाल्कनी म्हणतात. घराचा ताबा मिळाल्यावर गृहप्रवेशाच्या पूजेपूर्वी जर मराठी माणूस काही करीत असेल तर तो बाल्कनी आत घेतो. म्हणजे कठडा तोडून खिडकी बसवितो, त्यापुढे लोखंडी जाळी ठोकतो, जाळीत तुळस ठेवतो, आणि आपण दर चौरस फुटास बाजारभाव देऊन घेतलेल्या मोकळ्या हवेच्या जागी एक कपाट उभे केले याचे समाधान मानतो. २२ मार्चच्या त्या सायंकाळी पाच वाजता सर्वांनी बाल्कनीत येऊन टाळ्या व थाळ्या वाजवाव्यात असे आवाहन झाले, तेव्हा आमच्या समोरच्या इमारतीत बाल्कनी अशी शिल्लकच नसल्यामुळे, चार मजल्यांवरच्या सोळा कुटुंबांनी खिडकीच्या गजांतून केवळ मनगटे बाहेर काढून थाळ्या वाजविल्या. खालून पाहणाऱ्यास सगळी इमारतच सुटकेची मागणी करीत असल्यासारखी भासली. तेव्हा पहिला सल्ला असा की, बाल्कनी आत घेण्याचा मोह ज्यांनी अद्याप आवरला असेल त्यांनी तो तसाच आवरून धरावा. ज्यांनी आवरला नसेल त्यांनी निदान ते कपाट तरी हलवावे. दुसरा सल्ला खिडक्यांविषयी. सरकत्या काचेच्या खिडक्या दिसावयास देखण्या व साफ करावयास सोप्या असतात. पण दोन पाखांची सरकती खिडकी कितीही जोर केला तरी निम्मीच उघडते, हे पहिल्या उन्हाळ्यात कळते, आणि तोवर बिल्डर दुसऱ्या गावी दुसरी स्कीम बांधण्यात मग्न झालेला असतो. नूतनीकरण करणाऱ्याने निदान एका खोलीत तरी बिजागरीची, पूर्ण उघडणारी खिडकी बसवावी, आणि ती ज्या भिंतीत असेल तिच्या समोरच्या बाजूस वाऱ्यास बाहेर पडण्याची सोय ठेवावी; कारण एका बाजूने आत आलेला वारा, बाहेर पडता येत नाही असे दिसताच, पुन्हा येण्याचे नाव काढीत नाही. कोरोना हवेतून पसरतो हे सर्वमान्य होईपर्यंत आम्ही मंडळी दुधाच्या पिशव्या साबणाने धूत होतो, कोथिंबिरीची जुडी खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात बुडवीत होतो, आणि लिफ्टच्या कळेला बोट लागू नये म्हणून थर्माकोलच्या तुकड्यात खोचून ठेवलेल्या दातकोरण्यांपैकी एक उपसून तिने तिसरा मजला दाबीत होतो. त्याच वेळी घरच्या खिडक्या मात्र, जंतू आत येतील या धास्तीने, गच्च लावून घेतलेल्या असत.

आता क्षेत्रफळाकडे वळू. २०१६ च्या स्थावर संपदा कायद्याने, म्हणजे रेराने, चटईक्षेत्राची व्याख्या निश्चित करून आणि विक्री त्याच मापाने झाली पाहिजे असे ठरवून ग्राहकावर मोठे उपकार केले. त्यापूर्वी बिल्ट-अप आणि सुपर बिल्ट-अप या मापांच्या आडोशाने जिना, गच्ची, पंपाची खोली आणि वॉचमनची खुर्ची एवढ्या सर्वांचे पैसे ग्राहक बिनतक्रार भरीत असे. परंतु कायद्यालाही ज्याची कल्पना नाही असे आणखी एक क्षेत्रफळ आहे, ते म्हणजे शिल्लक क्षेत्रफळ. कायद्याच्या चटईक्षेत्रातून सोफा, दिवाण, पलंग, कपाटे, धुलाईयंत्र, लग्नात आलेले व अद्याप न उघडलेले डिनर सेट आणि कोणी तरी वापरील म्हणून ठेवलेली सायकल वजा जाता जी भूमी उरते तिच्यावरच सगळ्या कुटुंबास नांदावयाचे असते. आणि टाळेबंदीत एका टोकास मुलाचा वर्ग, दुसऱ्या टोकास सुनेची मीटिंग आणि मध्यभागी वडिलांची प्राणायामाची सतरंजी अशी या भूमीची वाटणी झाली, तेव्हा घरोघरी सीमावाद उपस्थित झाले. विशेषतः कॅमेऱ्यासमोर मागे दिसण्यास योग्य अशी भिंत बहुतेक घरांत एकच निघाली. बाकीच्या भिंतींपुढे वाळत घातलेले कपडे, कणगी किंवा ओलीचे डाग होते. ज्यांच्या त्या एकमेव भिंतीवर देव्हारा होता त्यांना मुंबईतील वरिष्ठांच्या बोलण्यास मान डोलावताना पाठीमागून आईच्या आरतीची साथ मिळू लागली.

यातून निघणारा सल्ला गंभीर आहे. घर मोठे करण्यासाठी ते विकून दुसरे घेण्याआधी एकदा सामान विकून पाहावे. पुष्कळांस अर्धी खोली फुकट मिळेल. नवे घर घेणाराने दिवाणखान्याच्या लांबीरुंदीपेक्षा खोल्यांस दारे किती व न्हाणीघरे किती याची आधी चौकशी करावी. रुग्णास घरीच ठेवावयाचे असल्यास त्याच्यासाठी वेगळ्या खोलीची सोय हवी, अशी विलगीकरणाची अट होती. आणि ज्यांच्या घरी दोन खोल्या पण न्हाणीघर एकच होते त्यांना ही अट वाचून दाखविणाऱ्या पालिका कर्मचाऱ्याचा चेहरा अद्याप आठवत असेल. दोन न्हाणीघरांचे लहान घर हे एका न्हाणीघराच्या मोठ्या घरापेक्षा श्रेष्ठ होय, हा सिद्धान्त एरवी कुटुंबवत्सल माणसास रोज सकाळी सातच्या सुमारास पटत असतोच. साथीने त्यास सरकारी मान्यता दिली, इतकेच.

घराची हद्द उंबऱ्याशी संपते आणि तेथून सोसायटीचे राज्य सुरू होते. आमच्या सोसायटीचे चिटणीस हे एरवी मितभाषी गृहस्थ. सूचनाफलकावर पाण्याची टाकी धुण्याची तारीख लिहिण्यापलीकडे त्यांची लेखणी कधी गेली नव्हती. पण टाळेबंदीच्या पहिल्याच आठवड्यात त्यांना सत्तेचा असा काही साक्षात्कार झाला की, फलकावर रोज एक हुकूम झळकू लागला: गच्चीवर फिरण्यास मनाई, जिन्यात बोलण्यास मनाई, पार्सल फाटकाशीच घ्यावे, घरकामास येणाऱ्या बायांस प्रवेश नाही, भाडेकरूंनी परगावाहून परत येण्यापूर्वी कमिटीची लेखी परवानगी घ्यावी. पुढे निर्बंध सैल होऊन सरकारने घरकामाच्या बायांस मुभा दिली, तरी कित्येक सोसायट्या आपले स्वतंत्र संस्थान मोडावयास तयार नव्हत्या. अखेर, सरकारने घातली नाहीत ती बंधने सोसायट्यांनी परस्पर घालू नयेत, असे त्यांना बजवावे लागले. अशा वेळी उपविधींची एक प्रत घरी असणे हे लसीच्या खालोखाल उपयुक्त ठरते. कमिटीचा ठराव कायद्याच्या वर नसतो, हे तीत सापडते; आणि मासिक देखभालखर्च न भरण्यास साथ हे कारण होत नाही, हेही दुर्दैवाने तीतच सापडते.

आमच्या वरच्या मजल्यावर एक निवृत्त दुय्यम निबंधक राहतात. सारी हयात खरेदीखते, गहाणखते आणि बक्षीसपत्रे नोंदवण्यात गेल्यामुळे त्यांच्या बोलण्यास कायम चतुःसीमा असतात. रिझर्व्ह बँकेने १ मार्च २०२० पासून प्रथम तीन महिने आणि मग ३१ ऑगस्टपर्यंत आणखी तीन महिने कर्जाचे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत जाहीर केली, तेव्हा हप्ते माफ झाले या समजुतीने आमच्या मजल्यावर श्रीखंड झाले होते. निबंधकसाहेबांनी गॅलरीतूनच आम्हांस हाक मारली.

“अहो, तहकुबी आणि माफी यांत फरक आहे. तारीख पुढे गेली की खटला निकालात निघतो काय?”

त्यांनी मग कागदावर हिशेब करून दाखविला. ३० लाख रुपये कर्ज, ८ टक्के व्याज, १५ वर्षे शिल्लक, अशा गृहस्थाचा हप्ता साधारण २८,६७० रुपये येतो, आणि त्यातले पहिल्या महिन्याचे व्याजच २० हजार असते. सहा महिने हप्ता भरला नाही तर १ लाख २२ हजारांच्या आसपास व्याज मुद्दलात जाऊन बसते, आणि हप्ता तोच ठेवल्यास एकंदर १८० ऐवजी सुमारे १९५ हप्ते भरावे लागतात. म्हणजे सहा महिन्यांच्या विसाव्याचे भाडे पंधरा हप्ते. व्याजावरील व्याज सरकारने पुढे दोन कोटींपर्यंतच्या कर्जदारांस परत केले, पण वरील गृहस्थाच्या वाट्यास त्यातून दोनएक हजार रुपये आले असतील. ज्याचा पगारच थांबला त्याने सवलत अवश्य घ्यावी, ती त्याच्यासाठीच होती. ज्याचा पगार चालू आहे त्याने हप्ता भरीत राहावे, आणि उलट बँकेस पत्र लिहून आपला व्याजदर तपासून घ्यावा. कारण त्याच काळात रिझर्व्ह बँकेने आपला रेपो दर ५.१५ वरून दोन टप्प्यांत ४ टक्क्यांवर आणला होता, आणि नव्या कर्जदारास सात टक्क्यांच्या आत कर्ज मिळत असता जुना इमानी कर्जदार, कोणी विचारले नाही म्हणून, साडेआठ-नऊ टक्के भरीत बसलेला असे. दर बदलून घेण्यास थोडे शुल्क पडते. न विचारण्यास मात्र पुष्कळ पडते.

ऑगस्टअखेर शासनाने मुद्रांक शुल्कात सूट जाहीर केली: १ सप्टेंबर ते ३१ डिसेंबर २०२० पर्यंत तीन टक्के, आणि तेथून ३१ मार्च २०२१ पर्यंत दोन टक्के. साठ लाखांच्या घरावर तीन टक्के म्हणजे १ लाख ८० हजार रुपये. आणि फुकट वाचणाऱ्या पावणेदोन लाखांसाठी पदरचे साठ लाख खर्च करावयास मराठी मध्यमवर्ग एका रात्रीत सिद्ध झाला. एकट्या डिसेंबरमध्ये मुंबईत १९ हजारांहून अधिक दस्त नोंदले गेले. जी माणसे लग्नास पन्नासांच्या वर पाहुणे नकोत म्हणून सख्ख्या मामास टाळीत होती, ती दुय्यम निबंधकाच्या कचेरीत एका बाकावर सातजण बसून आपला टोकन क्रमांक पुकारला जाण्याची वाट पाहत होती. आणि घरी भाजीवाल्याने दिलेली नोटही इस्त्री करून घेणारे गृहस्थ, आधीच्या तीस जणांनी दाबलेल्या अंगठायंत्राच्या काचेवर आपला अंगठा निःशंकपणे दाबीत होते. वास्तविक या घाईची आवश्यकता नव्हती. मुद्रांक शुल्क मुदतीत भरून दस्तावर सह्या झालेल्या असल्या की नोंदणीस चार महिन्यांचा अवधी कायद्यानेच असतो, आणि शासनाने त्या वेळी तसे स्पष्टही केले होते.

“लोक दस्त वाचीत नाहीत, पण सूट वाचतात,” असा यावर निबंधकसाहेबांचा शेरा पडला. सवलतीची तारीख पाहून घर घेणाराने निदान बोजा आहे की नाही याचा शोध, भोगवटा प्रमाणपत्र आणि मागील खरेदीखतांची साखळी एवढे तरी त्या तारखेपूर्वी पाहून घ्यावे. शुल्काची सूट चार महिन्यांत संपते, दावा मात्र नातवापर्यंत चालतो.

ज्यांनी जागा भाड्याने दिली होती त्यांची तऱ्हा वेगळी. १७ एप्रिल २०२० रोजी गृहनिर्माण विभागाने घरमालकांस, भाड्याची वसुली निदान तीन महिने पुढे ढकलावी आणि भाडे थकले म्हणून कोणास घराबाहेर काढू नये, अशी सूचना केली. भाडेकरूंनी तिचा अर्थ माफी असा लावला, मालकांनी विनंती असा लावला, आणि दोघेही आपापल्या जागी खंबीर राहिले. या प्रसंगी ज्यांचा करार नोंदलेला होता ते निभावले. ज्यांचा करार ‘आपल्या ओळखीतले आहेत’ या तीन शब्दांचा होता त्यांची ओळखही गेली आणि भाडेही गेले. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडेनियंत्रण कायद्याने लीव्ह अँड लायसन्सचा करार लेखी व नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे, तो अकरा महिन्यांचा असो की अकरा दिवसांचा, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. करार आता घरबसल्या नोंदता येतो. मात्र पगारकपातीत सापडलेल्या चांगल्या भाडेकरूस दोन-तीन महिने थोडे कमी भाडे मान्य करणे हे, रिकाम्या घराचा देखभालखर्च स्वतः भरीत नवा भाडेकरू शोधण्यापेक्षा, केवळ माणुसकीच्याच नव्हे तर त्रैराशिकाच्याही दृष्टीने योग्य होय.

एक विषय असा आहे की जो काढताच घरातील ज्येष्ठ मंडळी ‘शुभ बोला’ म्हणून उठून जातात. पण त्या दोन वर्षांत अनेक घरांचे कर्ते अकस्मात गेले आणि मागे राहिलेल्यांस दुःखाबरोबर कागदांचेही ओझे वाहावे लागले, म्हणून तो काढलाच पाहिजे. सोसायटीत ज्याचे नामनिर्देशन केले आहे तो घराचा मालक होत नाही. तो तात्पुरता सभासद म्हणून वारसांच्या वतीने जागा सांभाळणारा विश्वस्त असतो. घर कोणास जावे हे ठरविण्यास मृत्युपत्र लागते, आणि ते साध्या कागदावर चालते. त्यास मुद्रांक लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, फक्त दोन साक्षीदारांनी सही होताना पाहिली पाहिजे आणि त्याखाली स्वतःच्या सह्या केल्या पाहिजेत. निबंधकसाहेबांनी आपले मृत्युपत्र २०२० च्या मे महिन्यात केले. साक्षीदार म्हणून आम्ही आणि चिटणीस त्यांच्या लोखंडी सुरक्षादाराबाहेर, सहा फुटांवर, मुखपट्टी बांधून उभे होतो, ते आत टेबलाशी बसून, सही करण्यापूर्वी पेन वर धरून “पाहताय ना?” असे विचारीत होते. मग कागद जाळीतून बाहेर आला, आम्ही जिन्याच्या कठड्यावर ठेवून त्यावर सह्या केल्या, चिटणिसांनी त्याच्यावर जंतुनाशक फवारले, आणि शाई पसरल्यामुळे सारा विधी पुन्हा पहिल्यापासून करावा लागला. तेव्हा फवारणी शक्यतो टाळावी, एवढीच या बाबतीत आमची भर.

दुरुस्तीचा हंगामही त्या वर्षी हुकला. गच्चीचे डांबरकाम, भिंतींच्या भेगा आणि रंग ही कामे एप्रिल-मेमध्ये उरकावयाची असतात. पण कारागीर आपापल्या गावी चालत निघाले होते, आणि जूनमध्ये मृगाने वेळेवर हजेरी लावताच घरोघरी बादल्या मांडल्या गेल्या. गळतीचा खर्च कोणी करावयाचा यावर जे वाद झाले त्यांचे उत्तर उपविधींत पूर्वीपासून आहे: गच्चीतून झिरपणारे पाणी सोसायटीचे, आणि वरच्या घराच्या न्हाणीघरातून झिरपणारे पाणी वरच्या घराचे. आमच्या छतावरील डाग हा नेमका निबंधकसाहेबांच्या न्हाणीघराखाली आहे. परंतु उपविधीतील कलम दाखविताच त्यांनी पाण्याचा उगम सिद्ध करण्याचा भार फिर्यादीवर असतो असे सांगितले, आणि ती बाब तेव्हापासून तहकूब आहे.

शहरातल्या घराचा असा वीट आलेल्यांनी मग कोकणात एखादे घर घ्यावे असा घाट घातला. एजंटांनी त्यांना मोबाइलवर व्हिडिओ पाठविले. त्यांत माड डुलत होते, समुद्र दिसत होता, आणि विहिरीचे पाणी मार्चनंतर कोठे जाते याचा उल्लेख नव्हता. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आदळले, रायगडातल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या आणि घरांची कौले-पत्रे उडून गेले. तेव्हा समुद्र जितका जवळून दिसतो तितकाच तोही आपल्याला जवळून पाहतो, हे व्हिडिओत न आलेले सत्य उघड झाले. शिवाय गावी जावयास ई-पास, गेल्यावर शाळेत विलगीकरण, आणि शाळेतून सुटल्यावर चुलत्याशी सामायिक वाड्याच्या वाटणीची बोलणी, असा तो क्रम होता. ज्यांचे गावी वडिलोपार्जित घर आहे त्यांनी नवे घेण्याऐवजी त्याचीच कौले शाकारून घ्यावीत आणि सातबारावर आपले नाव अद्याप आहे की नाही ते पाहावे. त्यातच बहुधा पुढील साथीपर्यंतचा वेळ जाईल.

एवढे सगळे ऐकूनही ज्याला घर घ्यावयाचेच असेल त्यास आमचे एकच सांगणे आहे. वाडवडिलांच्या म्हणीत घर बांधून पाहावयास सांगितले असले तरी सदनिकेच्या काळात ते आपल्या हाती नाही. पण थोडे राहून पाहणे हाती आहे. एजंट तुम्हांस रविवारी सकाळी अकरा वाजता बोलावील. तुम्ही वैशाखातल्या बुधवारी दुपारी दोन वाजता जावे, सहकुटुंब जावे, पंखा बंद करावा, खिडक्या उघडाव्यात, आणि चहा सांगून चार तास बसावे. एजंट चुळबुळ करील. त्यास करू द्यावी. या चार तासांत घरात भांडण होणार, याविषयी शंका नको. ते कशावरून होते तेवढे मात्र नीट पाहावे. पंख्यावरून झाले तर किंमत पाडून मागावी, न्हाणीघरावरून झाले तर तडक उठावे. पण खिडकीजवळ कोणी बसावयाचे यावरून झाले, तर मागितलेल्या किमतीस तेथल्या तेथे इसार देऊन मोकळे व्हावे, कारण जिच्यासाठी भांडावे अशी खिडकी असलेले घर आजकाल सहसा विकावयास येत नाही.